एक चित्र, दोन वाणी

भारतीय दूरचित्रवाणीचा इतिहास बहुतांशी तंत्रज्ञांनी आणि प्रशासकांनी लिहिलेला आहे. भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम थांबून पाहावे असे एक वर्ष त्या इतिहासात आहे: १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६. या बारा महिन्यांत अमेरिकेकडून मुदतीने घेतलेल्या ‘एटीएस-६’ या उपग्रहाच्या द्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांना रोज चार तास कार्यक्रम दाखविण्याची योजना अमलात आली. ‘साइट’ या संक्षिप्त नावाने ती ओळखली जाते. कल्पना विक्रम साराभाईंची. १९६९ साली ‘नासा’शी करार झाला तो त्यांच्याच पुढाकाराने. डिसेंबर १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले, आणि प्रयोगाची धुरा ज्यांनी वाहिली त्यांत यशपाल आणि मूळचे कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस हे प्रमुख होत.

हे काम एकट्या अभियंत्याचे नव्हे, हे साराभाईंनी आरंभीच ओळखले होते. बिली क्लूव्हर हा अभियंता आणि रॉबर्ट राउशेनबर्ग हा चित्रकार यांनी न्यूयॉर्कमध्ये कलावंत व तंत्रज्ञ यांची एक संस्था उभारली होती. आणंदच्या दूध-सहकाराच्या परिसरातील लोकशिक्षणासाठी कार्यक्रम कसे रचावेत, याचा विचार करण्यास तिला १९६९ मध्ये पाचारण करण्यात आले. पुढे ‘साइट’मध्येही अभियंत्यांच्या जोडीला लेखक, नट, शिक्षक आणि समाजशास्त्रज्ञ आले, काही गावांत तर मानवशास्त्रज्ञ दीर्घकाळ मुक्काम करून राहिले. खेड्यातल्या संचासाठी जी तीन मीटर व्यासाची छत्री बनविली, तिला कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी वापरली होती. अंतराळाशी बोलणारी वस्तू गावच्या लोहाराला परकी वाटू नये, इतकी ती साधी होती.

भाषा मात्र इतकी साधी निघाली नाही. उपग्रहाकडून एका वेळी एक चित्र आणि त्याच्या जोडीला दोन ध्वनिमार्ग मिळत. म्हणजे एकाच चित्राला दोन भाषा. भाषांतरकाराला ही अडचण तत्काळ कळेल. पडद्यावरच्या माणसाने तोंड उघडून बोलावे, तर त्याचे ओठ एकाच भाषेचे असणार. म्हणून चित्रात संवाद कमी आणि निवेदन अधिक, अशा रचनेकडे कल होणे अपरिहार्य ठरते. पदार्थाचा गुणधर्म किंवा यंत्राची चाल दाखवायची तेथे हे निभावते. नवराबायकोचे भांडण मात्र निवेदकाच्या तोंडून ऐकण्यात काय अर्थ?

शिवाय भाषा ठरविली ती राज्यावरून. रायपूर-बिलासपूरच्या छत्तीसगढी बोलणाऱ्या घरांत हिंदी गेली, उत्तर बिहारच्या मैथिली मुलखातही हिंदीच. रोजचा अर्ध्या तासाचा राष्ट्रीय कार्यक्रम तर उडिया, तेलुगू आणि कन्नड गावांतही हिंदीतून पोचे. २५ जून १९७५ ला आणीबाणी जाहीर झालेली. त्या अर्ध्या तासात सरकारची वाणी एकाच भाषेत उतरत होती, हे विसरून चालणार नाही. प्रयोगाच्या तांत्रिक यशाचे गोडवे गाणारे लेखन या मुद्द्याशी फारसे थांबत नाही.

याच्या शेजारीच, त्याच सुमारास, गुजरातेतील खेडा जिल्ह्यात पीज या गावी एक लहानसे प्रक्षेपक सुरू झाले. त्याचा पल्ला आसपासच्या गावांपुरता; पण त्यामुळेच त्याला चरोतरची बोली परवडली. संच बहुधा दूधमंडळीच्या आवारात असत. अहमदाबादच्या गटाने शेतमजुरांची मजुरी, अस्पृश्यता, सावकारी हे विषय भवाई आणि कठपुतळी यांच्या साहाय्याने मांडले. गावकऱ्यांपैकी काही जण नट झाले, काही लेखकही. येथे पात्रे स्वतःच्या ओठांनी बोलत. ज्याची मजुरी बुडविली जाते तो आणि जो बुडवितो तो, असे दोघेही एकाच आवारात बसून ते पाहत, ही गोष्ट कोणत्याही रंगभूमीला हेवा वाटावा अशी आहे. १९८४ साली युनेस्कोच्या पुरस्काराने या कामाचा गौरव झाला.

तोवर वारे फिरले होते. १५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, शक्तिमान प्रक्षेपकांचे जाळे देशभर पसरले, आणि पीजचे प्रक्षेपण पुढे मागे पडत जाऊन थांबले.