पुरावा उशिरा मिळालेला बेडूक



सध्या आमच्याकडे आयएलआरच्या अर्जाची धामधूम चालू आहे. पे-स्लिपा, काउन्सिल टॅक्सची पत्रं, जुन्या घराचे करार... "आम्ही इथे राहतो" हे सिद्ध करायला अख्खी फाईल लागते. त्यातच नॉरफोकच्या एका बेडकाची गोष्ट वाचली. ती तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

याचं नाव पूल फ्रॉग. तपकिरी, पाठीवर फिकट पट्टा, उन्हात बसायची भारी हौस. नॉरफोकमध्ये वॉटन गावाजवळ थॉम्पसन कॉमन नावाचं माळरान आहे. तिथे सुमारे ४०० डबकी आहेत. त्यांना 'पिंगो' म्हणतात. हिमयुगात जमिनीखाली बर्फ साठून माती वर उचलली गेली, बर्फ वितळल्यावर ती खचली आणि खड्डे उरले. काही डबकी उन्हाळ्यात आटतातही.

आता भानगड अशी, की जॉर्ज बर्नी नावाच्या एका जमीनदाराने १८३७ मध्ये फ्रान्समधून बेडूक आणून नॉरफोकमध्ये सोडले होते. पुढे आणखीही लोकांनी आणले. त्यामुळे इथले पूल फ्रॉग म्हणजे त्यांचीच पिलावळ, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. बाहेरचे म्हटल्यावर त्यांना कोण वाचवणार? आजूबाजूच्या दलदली कधीच उपसून शेतं झाली होती. उरलेल्या डबक्यांवर झाडांची सावली पडत गेली. या बेडकाला तर ऊबदार पाणी हवं.

चार्ल्स स्नेलसारखे मोजके अभ्यासक मात्र म्हणत होते, की हा इथलाच असावा. मग १९९० च्या दशकात रीतसर तपास सुरू झाला, आणि तोही तीन बाजूंनी. जनुकं तपासली, तर नॉरफोकचे बेडूक स्वीडन-नॉर्वेच्या बेडकांच्या जवळचे निघाले, फ्रान्स-इटलीच्या नव्हे. नरांचे आवाज रेकॉर्ड करून जुळवले, उत्तर तेच. आणि पूर्व इंग्लंडच्या दलदलीच्या भागात उत्खननात याच जातीची हाडं मिळाली, सुमारे हजार वर्षांपूर्वीची! म्हणजे बर्नीसाहेबांच्या कितीतरी आधीची. ब्रिटन युरोपला जमिनीने जोडलेलं होतं, तेव्हाच हे महाशय आले असणार.

पण तोवर खेळ आटोपला होता. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत थॉम्पसन कॉमनवरचे बेडूक संपले. एकच नर पिंजऱ्यात उरला होता, नाव 'लकी'. तो १९९९ मध्ये गेला. काय नाव ठेवलं होतं बघा!

आमच्या धंद्यात म्हणतात, टेस्ट न केलेलं गृहीतक हाच सगळ्यात महागडा बग. हा बग दीडशे वर्षं कोणी उघडून पाहिला नाही. फाईल पूर्ण झाली तेव्हा अर्जदारच हयात नव्हता.

पुढे २००५ ते २००८ या काळात स्वीडनहून बेडूक आणून नॉरफोकमध्ये सोडले. ते रुळले, आणि २०१५ पासून थॉम्पसन कॉमनवरही परत आणायला सुरुवात झाली. त्याआधी झाडं तोडून डबक्यांवर ऊन येईल अशी सोय केली.

मी बायकोला विचारलं, "मग आता हे स्वीडनचे की इथले?" ती कागद लावता लावता म्हणाली, "इथल्या डबक्यात अंडी घातली ना? मग झालं तर."

मला पटलं. तुमचं काय मत?

चू. भू. द्या. घ्या.