लॉरेन्स, क्लायमॅक्स
(1979 – ). गोव्यातील भारतीय फुटबॉलपटू. बचावफळीच्या पुढे उभे राहून प्रतिपक्षाची चाल मोडणारे मध्यरक्षक म्हणून ते ओळखले जातात. साळगावकर, ईस्ट बंगाल, डेंपो, मुंबई एफसी असे संघ त्यांनी बदलले. पण नाव जोडले गेले ते डेंपोशीच. आर्मांदो कुलासो यांच्या मार्गदर्शनाखाली या पणजीच्या संघाने 2004-05 ते 2011-12 या काळात 5 राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली आणि 2008 मध्ये एएफसी चषकाची उपांत्य फेरी गाठली. त्या संघाच्या मध्यफळीचा भार बराच काळ लॉरेन्स यांच्यावर होता.

गोल करणे हे त्यांचे काम नव्हे. तरीही त्यांची सर्वांत मोठी आठवण गोलाचीच आहे. 30 जुलै 2008 रोजी हैदराबादच्या लालबहादूर शास्त्री मैदानावर एएफसी चॅलेंज चषकात अफगाणिस्तानविरुद्धची गोलशून्य कोंडी त्यांनी भरपाई वेळेत फोडली. पुढे पावसाने मैदानाची दैना केल्याने अंतिम सामना दिल्लीला हलवावा लागला. तेथे सुनील छेत्रीच्या 3 गोलांच्या बळावर भारताने ताजिकिस्तानला 4-1 असे हरवले व 1984 नंतर प्रथमच आशियाई चषकाची पात्रता मिळवली. श्रेय साहजिकच छेत्रीकडे गेले; हैदराबादचा तो गोल मात्र क्वचितच सांगितला जातो.

2011 च्या दोहा येथील आशियाई चषकासाठीच्या भारतीय संघात लॉरेन्स होते. 2014 मध्ये पहिली इंडियन सुपर लीग जिंकणाऱ्या ॲटलेटिको डी कोलकाता संघातही त्यांचा समावेश होता.