भरतीची काठी आणि संख्यारेषा

माझगांवच्या गोदीचा आरंभ १७७४ सालीं बांधलेल्या एका लहानशा सुक्या गोदीपासून धरतात. भरतीबरोबर जहाज आंत घ्यावयाचें, दार लावून पाणी उपसावयाचें व उघड्या पडलेल्या तळाची डागडुजी करावयाची, ही सुक्या गोदीची रीत. पाणी किती चढलें म्हणजे जहाज गोदीच्या उंबरठ्यावरून निर्विघ्न जाईल, हा प्रश्न दिसावयास खलाशांचा; परंतु त्याच्या पोटीं गणितांतील एक सुंदर कल्पना आहे.

समजा, पाणी मोजण्याच्या काठीवरील शून्याच्या खालीं ५ फुटांवर, म्हणजे उणे ५ या खुणेशीं, उंबरठा आहे आणि जहाज १५ फूट पाण्यांत बुडतें. पाणी १० च्या खुणेस आलें, तर उंबरठ्यावर बरोबर १५ फूट पाणी होईल व जहाजाचा तळ दगडास घासेल. म्हणून पाणी १० हून अधिक हवें. काठी आडवी धरून हें दाखवावयाचें, तर १० वर पोकळ वर्तुळ काढून त्यापुढील रेषा गडद करावी. १० तेवढा वगळला. परंतु तळाखालीं निदान २ फूट पाणी राखण्याचा नियम असेल, तर १२ ही खूणही चालेल व तेथें भरीव ठिपका येईल. ‘अधिक’ आणि ‘निदान’ यांतील भेद तो एवढाच. पण चुकल्यास जहाज फुटावयाचें.

ही रेषा एकाएकीं सिद्ध झाली नाहीं. भास्कराचार्यांच्या ११५० च्या सुमाराच्या लीलावतींत एका त्रिकोणाच्या पायाचा खंड उणे ६ येतो. तो उलट दिशेस घ्यावा, असें तेथें सांगितलें आहे. १६३१ सालीं टॉमस हॅरियट याच्या मरणोत्तर छापलेल्या ग्रंथांत ‘लहान’ व ‘मोठा’ यांचीं चिन्हें आलीं. १६८५ सालीं जॉन वॉलिस यानें ५ यार्ड पुढें व ८ यार्ड मागें चालणाऱ्या मनुष्याच्या दाखल्यानें उणे ३ चें स्थान रेषेवर दाखविलें. ‘निदान इतकें’ या अर्थाचें चिन्ह १७३४ सालीं पिएर बूगेर या फ्रेंच पंडितानें योजिलें. आणि नवल असें कीं, जहाजांच्या रचनेवरील १७४६ सालचा प्रसिद्ध ग्रंथही त्याचाच!

मुंबईस अपोलो बंदरावर १८७८ पासून भरती-ओहोटीच्या नोंदी आहेत. भांगाच्या भरतीचें पाणी ठरलेल्या खुणेपर्यंत न चढल्यास जहाजास अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाची वाट पाहावी लागते. गडद रेषेच्या अलीकडे राहणें म्हणजे काय, हें अशा वेळीं शाळेंतील मुलासही सहज उमगेल.