मैफिलीची वाहिनी

आपल्याकडे बातम्यांच्या वाहिन्या झाल्या, क्रिकेटच्या झाल्या, चोवीस तास स्वयंपाक दाखवणाऱ्याही झाल्या. पण कुणीतरी समोर बसून गातंय आणि आपण घरी बसून ऐकतोय, एवढंच जिच्यावर चालेल अशी दूरचित्रवाणीची वाहिनी काही आपल्या घरात रुजली नाही. हे असं का झालं, याचा विचार करताना मी पार रेडिओपर्यंत मागे गेलो.

कारण रेडिओने हे काम एकदा करून दाखवलं होतं. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. आपलाच मराठी माणूस, आणि गाण्याच्या बाबतीत भलताच कडक! चित्रपटगीतं त्यांनी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केली. लोक अर्थातच ऐकेनात. सगळ्यांनी रेडिओचा काटा सिलोनकडे वळवला आणि 'बिनाका गीतमाला' घरोघरी पोचली. शेवटी १९५७ मध्ये आकाशवाणीलाच विविध भारती काढावी लागली. केसकरांची थट्टा करायला हा किस्सा सगळे सांगतात. पण त्याच माणसाच्या कारकिर्दीत, २० जुलै १९५२ ला, संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला हे सांगायचं राहून जातं. शनिवारी रात्री साडेनऊला एक कलाकार गायला बसायचा आणि देशभरची केंद्रं तो कार्यक्रम सहक्षेपित करायची. पाठोपाठ १९५४ पासून निमंत्रित श्रोत्यांसमोरची आकाशवाणी संगीत संमेलनं सुरू झाली. संस्थानं विलीन झाल्यामुळे ज्या गवयांचे आश्रयदाते गेले होते, त्यांच्या घरची चूल या मानधनाने पेटती ठेवली. सक्तीने आवड लावता येत नाही हे खरं, पण सोय मात्र करून ठेवता येते. आमच्या पिढीला ती मिळाली. गावात कधीही न येणारे गवई आम्ही शनिवारी रात्री ऐकले.

दूरदर्शन मुंबईत आलं २ ऑक्टोबर १९७२ ला. कृष्णधवल चित्र, आणि प्रक्षेपण फक्त संध्याकाळचं. 'शब्दांच्या पलीकडले'सारखे कार्यक्रम अजून अनेकांच्या आठवणीत असतील. पुढे १९९५ मध्ये 'सा रे ग म' आलं, अल्फा मराठीवर 'नक्षत्रांचे देणे' आलं. वादक समोर बसलेले असत, गाणं खरोखर गायलं जाई. वाईट काहीच नव्हतं. फक्त सगळं बसवलेलं असायचं, कापून जोडलेलं. मध्ये निवेदन, मग टाळ्या, मग जाहिराती. तिकडे अमेरिकेत १९८१ साली एमटीव्ही सुरू झाली ती तर आधीच तयार केलेल्या चित्रफिती लावण्यासाठीच. समोर बसून, साध्या वाद्यांवर गाण्याचा 'अनप्लग्ड' हा कार्यक्रम तिला १९८९ मध्ये सुचला. आपल्याकडे तिची भारतीय आवृत्ती १९९६ मध्ये आली आणि काही वर्षांत तिथे गाण्यापेक्षा मोटारसायकली जास्त दिसू लागल्या. असो.

मला जी वाहिनी हवी आहे तिचं मूळ वेगळ्याच ठिकाणी आहे, ते म्हणजे घड्याळात.

भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला, तो रात्रभर चालत असे. उत्तररात्री दरबारी, मालकंस, मग सोहनी, आणि उजाडायच्या सुमाराला ललत. थंडीत शाली, सतरंज्या, चहा. शेवटी भीमसेनजी आणि त्यानंतर सवाई गंधर्वांची भैरवीची ध्वनिमुद्रिका. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि उघड्यावरचे ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद होऊ लागले. मोजक्या दिवशी बारापर्यंत सवलत, एवढंच. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. शेजारी आजारी माणूस असेल, मुलांच्या परीक्षा असतील, त्यांनी काय करायचं? पण त्या नियमाने दिवसाचे निम्मे राग व्यासपीठावरून उतरवले, हेही तितकंच खरं. दिवाळी पहाटेला भूपाळ्या, अभंग, भावगीतं होतात. ललत तिथे क्वचितच. आज विशीत असलेल्या मुलाने ललत त्याच्या वेळेला, समोर बसून ऐकला असण्याची शक्यता किती?

भातखंड्यांनी रागांच्या वेळांचं जे गणित मांडलं त्यावर विद्वानांचे वाद आहेत. दक्षिणेत तर मैफिलीत वेळेचं बंधन फारसं पाळत नाहीत. तरीही मारवा तिन्हीसांजेला जो कासावीस करतो तो सकाळी नऊला करत नाही, हा माझा कानांचा अनुभव आहे. पुरावा मागू नका!

आता गंमत अशी की दूरचित्रवाणी वाहिनी चोवीस तास चालतेच. रात्री तीनला तिथे पुन्हा पुन्हा तीच मालिका किंवा तेल विकणारी माणसं असतात. त्या वेळी एखाद्या बंद खोलीत कुणी सोहनी गात असेल आणि ज्याला झोप नाही तो घरी आवाज हळू करून ऐकत असेल, तर कुणाच्या झोपेचं काय बिघडणार आहे? वाहिनीचं वेळापत्रकच रागांच्या प्रहरांनी आखायचं. तंबोरे जुळवण्यापासून दाखवायचं. रागाचं, तालाचं, गाणाऱ्याचं आणि साथीदारांचं नाव एकदा पडद्यावर द्यायचं आणि मग गप्प बसायचं. आणि कृपा करून, तबलजी समेवर येताना पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांचा चेहरा दाखवू नका.

'यूट्यूबवर सगळं आहे की, आजोबा,' असं नातू म्हणतो. आहे, आणि मी ते रोज ऐकतो. पण तिथे मी कुमारांचा सकाळचा राग रात्री लावू शकतो, कंटाळा आला की पुढे सरकवू शकतो, आणि मी सरकवतो. मैफिलीत आलाप लांबला तर बसावं लागतं. आणि गाणाऱ्याचा आज गळा लागेल की नाही हे त्यालाही ठाऊक नसतं. त्या धाकधुकीत आपण त्याच्याबरोबर असतो.

सरकारने प्रयत्न केलेच नाहीत असंही नाही. २६ जानेवारी २००२ ला कलांसाठी डीडी भारती निघाली, आणि २०१६ च्या त्याच तारखेला आकाशवाणीची चोवीस तासांची शास्त्रीय संगीताची 'रागम'. रेडिओवर हे होतं, तर चित्रासकट का होऊ नये? पैशाचा प्रश्न आहे, मान्य. रात्री तीनला जाहिरात कोण देणार? म्हणून मी एकदम वाहिनी मागत नाही. मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं. कुंदगोळला नाडगीर वाड्यात सवाई गंधर्वांच्या नावाने होतं. दोन-तीन कॅमेरे जागेवर ठेवून, काहीही न कापता, एका वर्षी एवढे दोन कार्यक्रम सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाखवून बघावेत. जागं कोण राहतं, ते तेव्हा कळेल.