तळटीप : आरशांचे काचतंतू

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वलहरी टिपणाऱ्या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३मध्ये मंजुरी दिली. अमेरिकेतल्या अशाच लायगो वेधशाळांत ४० किलोचा आरसा अवघ्या चार काचतंतूंवर लोंबतो. प्रत्येक तंतू सुमारे ६० सेंटिमीटर लांब, ०.४ मिलिमीटर जाड. वजन पोलादी तारही पेलते. पण तिच्या अंतर्गत घर्षणामुळे उष्णतेची थरथर आरशापर्यंत पोचते आणि गुरुत्वलहरीची चाहूल तीत बुडते. शुद्ध सिलिकाच्या काचेत हे घर्षण फारच कमी.

काचेचा तंतू ओढण्याची कल्पना जुनी, आणि विलक्षण. १८८७ साली लंडनमध्ये चार्ल्स बॉइज यांनी वितळलेला क्वार्ट्‌झ बाणाला चिकटवून बाण सोडला. मागे तंतू ताणला गेला.

आता ग्लासगो विद्यापीठात विकसित झालेल्या रीतीने, ३ मिलिमीटर जाडीची काडी कार्बन डायऑक्साइड लेसरने तापवून यंत्राने ओढतात. ओढलेल्या तंतूला बोट लावायचे नाही, कारण पृष्ठभागावरची सूक्ष्म चीरही त्याला तोडू शकते. इटलीतल्या व्हर्गो वेधशाळेत निर्वात पंपांकडून आलेल्या धूलिकणांनी तंतू तुटले. त्यामुळे ऑगस्ट २०१७मधल्या गुरुत्वलहरींच्या गाजलेल्या नोंदींच्या वेळी तिचे आरसे पोलादी तारांवर होते. काचतंतू पुढच्या वर्षी पुन्हा बसवले गेले.