२८ डिसेंबर: खानदेशच्या इतिहासातील एक तारीख

एकाच तारखेला निरनिराळ्या वर्षी घडलेल्या घटना, जन्म आणि मृत्यू यांच्या एकत्र नोंदीला दिनविशेष म्हणतात. शाळेच्या फळ्यावर, दिनदर्शिकेत आणि वर्तमानपत्राच्या ठरलेल्या रकान्यात अशी नोंद नित्य दिसते. तिच्यात शेजारी बसलेल्या गोष्टींचा परस्परांशी संबंध असेलच असे नाही. पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी तिकीट लावून चलच्चित्रे दाखवली आणि १९३७ साली त्याच तारखेला मुंबईत रतन टाटा यांचा जन्म झाला, यात योगायोगापलीकडे काही शोधण्याचे कारण नाही. मात्र खानदेशाच्या दृष्टीने पाहिले, तर याच तारखेवर तीन नोंदी अशा आहेत की त्यांपैकी दोहोंना एका संस्थेच्या वेळापत्रकाने जवळ आणले आणि तिसरीचे महत्त्व पुढच्या इतिहासाने ठरवले. तारीख कोणी ठरवली आणि ती कोणी लक्षात ठेवली, हे दोन प्रश्न विचारले की दिनविशेषाची यादी इतिहासाचे साधन बनते.

पहिली नोंद खानदेशाबाहेरची आहे. २८ डिसेंबर १८८५ रोजी मुंबईत गवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत व्योमेशचंद्र बॅनर्जी यांच्या अध्यक्षतेखाली ७२ प्रतिनिधी जमले आणि भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. हे अधिवेशन मुळात पुण्यात भरायचे होते; तेथे पटकीची साथ उद्भवल्यामुळे ऐनवेळी स्थळ बदलावे लागले. स्थळ बदलले तरी आठवडा तोच राहिला, कारण नाताळच्या सुट्टीत न्यायालये आणि महाविद्यालये बंद असत आणि वकील, शिक्षक व संपादक यांना दूरचा प्रवास करण्यास तेवढीच सलग सवड मिळत असे. पुढे अनेक वर्षे काँग्रेसची अधिवेशने डिसेंबरच्या अखेरीस भरत राहिली, ती याच सवडीमुळे. म्हणजे ज्या राज्यसत्तेपुढे मागण्या मांडायच्या, तिच्याच सुट्ट्यांच्या वेळापत्रकावर राष्ट्रीय चळवळीचा वार्षिक मेळावा उभा होता.

हा प्रघात बदलण्याचे १९२९ च्या लाहोर अधिवेशनात ठरले. कडाक्याच्या थंडीत गरीब प्रतिनिधींचे हाल होतात, म्हणून अधिवेशन फेब्रुवारी किंवा मार्चमध्ये भरवावे, असा तो विचार होता. १९३१ चे कराची अधिवेशन त्यानुसार मार्चमध्ये झाले. १९३६ साली मात्र एकाच वर्षात दोन अधिवेशने झाली. एप्रिलमध्ये लखनौला, आणि १९३५ च्या भारत सरकार कायद्याखालील प्रांतिक निवडणुका नव्या वर्षाच्या आरंभी होणार असल्यामुळे डिसेंबरात पुन्हा. हे दुसरे अधिवेशन २७ आणि २८ डिसेंबर १९३६ रोजी पूर्व खानदेश जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यातील, फैजपूर या गावी भरले. जुन्या खानदेश जिल्ह्याचे १९०६ साली पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले होते. त्यांतून पुढे जळगाव आणि धुळे हे जिल्हे अस्तित्वात आले.

काँग्रेसचे अधिवेशन खेड्यात भरण्याची ही पहिलीच वेळ होती. फैजपूर सातपुड्याच्या पायथ्याशी, तापीच्या उत्तरेस, केळी आणि कापूस पिकवणाऱ्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात वसले आहे. भुसावळ–खंडवा लोहमार्गावरचे सावदा हे जवळचे स्थानक. शहरातील सभागृहे, वसतिगृहे आणि धनिकांचे बंगले येथे नव्हते, त्यामुळे सारे नगरच नव्याने उभारावे लागले आणि त्याला टिळकनगर असे नाव देण्यात आले. महात्मा गांधींचा आग्रह असा की बांधणी गावच्या साहित्याची आणि गावच्या कारागिरांच्या हातची असावी. शांतिनिकेतनातील चित्रकार नंदलाल बोस यांनी त्यानुसार सजावटीची योजना केली आणि प्रवेशद्वारे व मंडप यांना बांबू आणि तशाच साध्या साहित्यातून रूप दिले. गांधींनी २५ डिसेंबरला खादी व ग्रामोद्योग प्रदर्शनाचे उद्घाटन केले, तेव्हा चरखा, घाणी आणि हातकागद यांसारख्या खेड्यातील उद्योगांना राष्ट्रीय कार्यक्रमात अधिवेशनाच्या बरोबरीचे स्थान मिळाले. जवाहरलाल नेहरू या अधिवेशनाचे अध्यक्ष होते आणि शंकरराव देव स्वागताध्यक्ष. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातील शिक्षकी १९३० साली सोडून सत्याग्रहात उतरलेल्या साने गुरुजींनी अधिवेशनासाठी खानदेशातील गावे पालथी घातली. ज्यांनी काँग्रेसचे नाव ऐकले होते पण सभा पाहिली नव्हती, अशा घरांपर्यंत ही हाक पोचली, आणि अधिवेशनाचे खरे यश तेथेच होते.

स्थळाचा परिणाम ठरावांवरही उमटला. फैजपूर येथे संमत झालेल्या शेतीविषयक कार्यक्रमात शेतसारा व खंड कमी करणे, पोट भरण्याइतकेही न पिकणाऱ्या तुटपुंज्या धारणांना त्यातून सूट देणे, वेठ आणि बेकायदा वसुली बंद करणे, कर्जाचा बोजा उतरवणे, शेतमजुरांना पुरेसे वेतन आणि शेतकरी संघटनांना मान्यता देणे या मागण्या होत्या. याच सुमारास अखिल भारतीय किसान सभेचे दुसरे अधिवेशन प्रा. एन. जी. रंगा यांच्या अध्यक्षतेखाली फैजपूरलाच भरले आणि त्यासाठी शेतकऱ्यांचा मोर्चा मनमाडहून पायी आला. एकावन्न वर्षांपूर्वी पाठशाळेच्या सभागृहात जमलेल्या संस्थेला २८ डिसेंबर या आपल्याच स्थापनादिनी शेताच्या बांधापर्यंत यावे लागले, ही प्रगती मोजण्यासाठी दोन्ही नोंदी एका पानावर असणे उपयोगी पडते.

तिसरी नोंद जन्माची आहे. २८ डिसेंबर १९२६ रोजी नंदुरबार येथे, म्हणजे तेव्हाच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यात, शिरीषकुमार पुष्पेंद्र मेहता यांचा जन्म झाला. त्याच आठवड्यात, ३१ डिसेंबर १९२६ रोजी, त्याच जिल्ह्यातील धुळे येथे इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे निधन झाले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या ग्रंथमालेचे बावीस खंड प्रसिद्ध करणाऱ्या राजवाड्यांनी कागदपत्रांतील मिती आणि तारखा जुळवल्याशिवाय इतिहास उभा राहत नाही, हे महाराष्ट्राला शिकवले. त्यांच्या संग्रहाच्या जतनासाठी आणि कार्याच्या पुढच्या वाटचालीसाठी धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. त्या आठवड्यात राजवाड्यांच्या मृत्यूची वार्ता महाराष्ट्रभर गेली असणार. नंदुरबारच्या एका घरातील जन्माची दखल घेण्याचे कारण मात्र कोणालाही नव्हते.

ते कारण १९४२ साली निर्माण झाले. ८ ऑगस्टला गवालिया टँक मैदानावर, म्हणजे काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनाच्या परिसरातच, 'छोडो भारत' ठराव संमत झाला आणि ९ ऑगस्टच्या पहाटे प्रमुख नेते अटकेत पडले. बरोबर महिन्याने, ९ सप्टेंबर १९४२ रोजी, नंदुरबारमध्ये विद्यार्थ्यांनी तिरंगा घेऊन मिरवणूक काढली आणि पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार व त्यांचे साथी लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा यांना हौतात्म्य आले. शिरीषकुमार तेव्हा अवघे पंधरा वर्षांचे होते. फैजपूर अधिवेशनाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी वयाची दहा वर्षे पूर्ण केली होती, आणि नेते तुरुंगात असताना चळवळ ज्या पिढीने रस्त्यावर जिवंत ठेवली, ती पिढी याच काळात वाढली होती. नंदुरबार १ जुलै १९९८ पासून स्वतंत्र जिल्हा आहे. तेथील स्मारक आजही त्या पाच जणांची आठवण सांगते.

यावरून जन्मतारखेविषयी एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. अधिवेशनाची तारीख घटनेच्या आधीच ठरते आणि त्याच दिवशी कागदावर येते. जन्माची तारीख मात्र पुढच्या कर्तृत्वामुळे मागाहून इतिहासात येते. ग्रामीण महाराष्ट्रात तर ती अनेकदा तारखेच्या रूपात असतच नसे. जन्म तिथीने, सणाने, दुष्काळाने किंवा साथीने लक्षात ठेवले जात. असोदे येथे जन्मलेल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचा जन्म नागपंचमीचा सांगितला जातो, तर दिनविशेषात त्यांची जयंती २४ ऑगस्टला येते. तिथी चांद्र गणनेची असल्यामुळे दरवर्षी वेगळ्या तारखेला पडते, म्हणूनच घरातली आठवण आणि छापील जयंती यांची गाठ क्वचितच पडते.

खानदेशातील शाळांनी २८ डिसेंबरचा दिनविशेष लिहिताना मुंबई, फैजपूर आणि नंदुरबार या तिन्ही नोंदी एकत्र आणि कारणांसह लिहाव्यात, एवढे या भूमीचे ऋण त्यांच्यावर आहे. पहिल्या नोंदीपुढे न्यायालयांची सुट्टी, दुसरीपुढे येऊ घातलेली निवडणूक आणि शेतकऱ्याची मागणी, आणि तिसरीपुढे ९ सप्टेंबर १९४२ हा दिवस लिहिला, तर विद्यार्थ्याला केवळ तारीख पाठ होणार नाही. सुशिक्षितांच्या सवडीतून सुरू झालेली चळवळ सत्तावन्न वर्षांत नंदुरबारच्या शाळकरी मुलांची कशी झाली, हेही त्याला समजेल.