संगणकावर घडविलेले मानवी मस्तक : तंत्राचा इतिहास व पुराव्याचे मूल्य

शतकांपूर्वी मृत झालेल्या व्यक्तींचे चेहरे अलीकडे संग्रहालयांतून व वृत्तपत्रांतून वारंवार आपल्यासमोर येऊ लागले आहेत. उत्खननात कवटी सापडते, तिची क्ष-किरणचित्रे घेतली जातात, आणि काही महिन्यांनी त्वचा, पापण्या व सुरकुत्या यांसह एक मस्तक सिद्ध होते. हे मस्तक हातात माती घेऊन घडविलेले नसते. ते संगणकाच्या पडद्यावर घडविलेले असते. इतिहासाच्या अभ्यासकाने या वस्तूकडे कोणत्या दृष्टीने पाहावे? ते साधन मानावे, अनुमान मानावे, की केवळ कलाकृती मानावी? या प्रश्नाचे उत्तर ज्या तंत्राने हे मस्तक घडते त्या तंत्राच्या इतिहासात दडलेले आहे, अशी आमची धारणा आहे. तो इतिहास संक्षेपाने सांगून त्यातून काही कसोट्या निश्चित करणे, एवढाच प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

१. मापाची परंपरा

शिल्प अंकांत उतरविण्याची कल्पना संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. पंधराव्या शतकात लेओन बात्तिस्ता आल्बेर्ती याने ‘दे स्तातुआ’ या आपल्या ग्रंथात एक मापनयंत्र वर्णिले आहे. मूर्तीच्या माथ्यावर बसविलेली अंशांकित चकती, तिच्याभोवती फिरणारी पट्टी आणि पट्टीवरून सोडलेला ओळंबा, अशी त्याची रचना होती. या तीन मापांनी मूर्तीवरील कोणत्याही बिंदूचे स्थान निश्चित करता येत असे. अशी मापे हाती असल्यास मूर्तीचा अर्धा भाग पारोस बेटावर व उरलेला इटलीत घडविला तरी दोन्ही भाग अचूक जुळतील, असा त्याचा दावा होता. १८६० च्या सुमारास पॅरिस येथे फ्रांस्वा विलेम याने व्यक्तीभोवती वर्तुळाकार चोवीस कॅमेरे मांडून, त्या छायाचित्रांतील बाह्यरेषा यांत्रिक साधनाने मातीत उतरविण्याची रीत प्रचारात आणली. चेहरा म्हणजे बिंदूंचा व रेषांचा समुच्चय, हे गृहीत या दोन्ही प्रयत्नांच्या मुळाशी आहे.

याच शतकाच्या अखेरीस कवटीवरून चेहरा उभा करण्याचे शास्त्र जन्मास आले. योहान सेबास्टियान बाख याच्या म्हणून उकरून काढलेल्या अस्थींची ओळख पटविण्यासाठी लाइप्झिगचा शरीरशास्त्रज्ञ विल्हेल्म हिस याने शवांच्या चेहऱ्यांत सुया खुपसून हाडावरील मांसाची जाडी ठिकठिकाणी मोजली. त्या सरासरी मापांच्या आधारे कार्ल झेफ्नर या शिल्पकाराने कवटीच्या साच्यावर चेहरा चढविला. हे कार्य १८९५ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे रशियात मिखाईल गेरासिमोव्ह याने केवळ जाडीच्या मापांवर न थांबता स्नायू घडविण्यावर भर दिला. समरकंद येथे १९४१ मध्ये उघडलेल्या थडग्यातील तैमूरचे मस्तक त्याने घडविले. मँचेस्टर येथे रिचर्ड नीव्ह याने मापांच्या खुंट्या व स्नायूंची घडण या दोन्ही पद्धतींचा मेळ घातला.

२. संगणकातील मस्तक

संगणकाने आरंभ केला तोही मापापासूनच. आंरी गूरो याने यूटा विद्यापीठात १९७१ मध्ये वक्र पृष्ठांच्या छायांकनाचा प्रबंध सिद्ध केला, तेव्हा त्याने आपल्या पत्नीच्या चेहऱ्यावर बहुभुजांची जाळी रेखून तिची मापे घेतली होती. पुढच्याच वर्षी त्याच विद्यापीठातील फ्रेडरिक पार्क याने छायाचित्रांच्या जोड्यांवरून चेहऱ्याची मापे घेतली आणि सुमारे २५० बहुभुज व ४०० शिरोबिंदू एवढ्या सामग्रीत सजीव भासणारा चेहरा उभा राहू शकतो, असे दाखवून दिले. येथे शिल्पकाराचा हात जवळजवळ अनुपस्थित आहे. चेहरा मोजला गेला आहे, घडविला गेलेला नाही.

हाताचा पुनःप्रवेश हळूहळू झाला. संगणकातील आकार मातीप्रमाणे कापावे व जोडावे, अशी व्यवस्था ओहायो येथे रिचर्ड पेरेंट याने १९७७ मध्ये मांडली. १९७८ मध्ये एडविन कॅटमल व जेम्स क्लार्क यांनी खडबडीत जाळीचे पुनःपुन्हा विभाजन करून गुळगुळीत पृष्ठ मिळविण्याची रीत प्रसिद्ध केली. मस्तकाच्या घडणीत या रीतीचे महत्त्व फार मोठे आहे. कारण नाक, कान व ओठ यांची गुंतागुंत चौकटींच्या सरळ ओळींत बसत नाही. डोळ्यांभोवती व तोंडाभोवती जाळीची वलये तेथील वर्तुळाकार स्नायूंच्या दिशेने फिरवावयाची, हा चलत्‌चित्रकारांचा आजचा नियमही जाळीच्या रचनेच्या याच स्वातंत्र्यावर उभा आहे. १९९१ मध्ये गॅलियन व ह्यूज यांनी पृष्ठाऐवजी घनकणांचा ठोकळा कल्पून त्यातून द्रव्य खरवडण्याची व त्यात भर घालण्याची पद्धती दाखविली. १९९९ मध्ये ‘झेडब्रश’ ही प्रणाली पुढे आली, आणि थोड्याच वर्षांत तिच्यातून लक्षावधी बहुभुजांच्या पृष्ठावर ब्रशाने दाबणे, ओढणे, फुगविणे व गुळगुळीत करणे शक्य झाले. तिच्या रचनेबद्दल ओफेर ॲलन यास २०१४ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. अशा रीतीने तीन दशकांत संगणक मापाकडून मातीकडे आला.

तिसरा प्रवाह वैद्यकातून आला. १९७१ मध्ये सीटी स्कॅनचा रुग्णावर प्रथम उपयोग झाला, आणि १९८७ मध्ये लॉरेन्सन व क्लाइन यांनी अशा छेदचित्रांच्या मालिकेतून हाडाचे अखंड पृष्ठ काढण्याची गणितपद्धती प्रसिद्ध केली. अस्सल कवटीस धक्का न लावता तिची प्रतिकृती आता पडद्यावर उपलब्ध झाली.

३. कवटीवर चेहरा कसा चढतो

हे प्रवाह एकत्र आल्यावर जी कार्यपद्धती बनली तिचे टप्पे पाहणे आवश्यक आहे. प्रथम कवटीचे पृष्ठ तयार होते; फुटलेला भाग शाबूत बाजूच्या प्रतिबिंबावरून भरला जातो. नंतर ठरावीक बिंदूंवर मांसाच्या सरासरी जाडीच्या खुंट्या रोविल्या जातात. मग चावण्याचे, डोळे मिटण्याचे व ओठ आवळण्याचे स्नायू, हाडावरील त्यांच्या खुणा पाहून, एकेक करून बसविले जातात. नाकाची ठेवण नासाछिद्राच्या कडा व तेथील अस्थिकंटक यांवरून, आणि ओठांची जाडी दातांवरून अनुमानिली जाते. कानांविषयी कवटी फारच थोडे सांगते. शेवटी त्वचा चढते; तिच्यावरील रंध्रे व सुरकुत्या बहुधा दुसऱ्याच जिवंत त्वचेच्या ठशांवरून उमटविलेल्या असतात.

या क्रमात वरच्या थराकडे जावे तसतसा पुरावा क्षीण होत जातो, आणि सजीवतेचा भास मात्र वाढत जातो. आपणांस ओळखीची खूण पटते ती नेमकी शेवटच्या थरात. मातीच्या मस्तकात शिल्पकाराच्या बोटांचे ठसे बहुधा राहत आणि पाहणाऱ्यास ‘ही मूर्ती आहे’ याचे भान देत. संगणकातील मस्तकात मोजलेले हाड, सरासरीचे मांस व कल्पिलेली त्वचा एकाच अखंड पृष्ठात विलीन होतात. सांधा दिसत नाही. सममितीचे उदाहरण घ्यावे. डाव्या गालावर ब्रश फिरविला असता उजव्या गालावर तोच फटका आपोआप उमटावा, अशी सोय या प्रणालींत असते. मनुष्याचा चेहरा मात्र तंतोतंत सममित कधीच नसतो. म्हणजे कारागिराने जाणीवपूर्वक ती सोय बंद केली नाही, तर यंत्राची सवय मृताच्या चेहऱ्यावर उमटते.

सरासरीचा प्रश्न याहूनही गंभीर आहे. १९९९ मध्ये ब्लांत्स व फेटर यांनी दोनशे मस्तकांच्या लेसर-मापनांवरून चेहऱ्याचे एक सांख्यिकीय प्रतिमान मांडले. शंभर पुरुष व शंभर स्त्रिया यांच्या मापांवर ते आधारलेले होते. आणि या दोनशेंत एक व्यक्ती आशियाई असून बाकीच्या सर्व गौरवर्णी युरोपीय वंशाच्या होत्या, असे त्याच लेखकांनी पुढे नमूद केले आहे. ‘मानवी चेहरा’ या शब्दाखाली कोणाचा चेहरा बसला आहे, हे विचारण्याचे कारण यावरून स्पष्ट व्हावे.

४. दोन उदाहरणे

इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टर येथे सापडला. त्याच्या कवटीच्या स्कॅनवरून डंडी विद्यापीठातील कॅरोलिन विल्किन्सन यांनी संगणकावर चेहरा घडविला आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये त्यावरून सिद्ध केलेली शिरोप्रतिमा प्रकट झाली. जिवंत व्यक्तींवर या पद्धतीच्या चाचण्या झालेल्या असून, चेहऱ्याच्या सुमारे ७०% पृष्ठभागावर चूक २ मिलिमीटरहून कमी असते, असे विल्किन्सन यांनी सांगितले होते. मस्तकाच्या आकाराविषयी हा दावा भक्कम आहे. केसांचा गडद रंग मात्र कवटीतून आलेला नव्हता. २०१४ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने डोळे निळे असण्याची शक्यता ९६% व केस पिंगट असण्याची शक्यता ७७% वर्तविली. बालपणीचे पिंगट केस वयानुसार गडद होतात, ही पुस्तीही जोडली. एकाच मस्तकाच्या निरनिराळ्या थरांना निरनिराळे प्रामाण्य असते, हे यावरून दिसते.

दुसरे उदाहरण आपल्या निकटचे आहे. हरियाणातील राखीगढी येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. तेथील सुमारे ४५०० वर्षांपूर्वीच्या दफनभूमीतील दोन कवट्यांच्या सीटी स्कॅनवरून चेहऱ्यांची पुनर्रचना झाली आणि वसंत शिंदे व दक्षिण कोरियातील संशोधक यांच्या सहकार्याचा हा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. हडप्पाकालीन माणूस प्रत्यक्ष कसा दिसत होता, याचे अस्थींच्या पायावर उभे असलेले उत्तर यामुळे प्रथमच आपल्यापुढे आले, हे त्याचे मोल निर्विवाद आहे. तथापि रिचर्डची समकालीन वर्णने व उत्तरकालीन चित्रे आहेत. राखीगढीच्या दोन व्यक्तींचे नावही आपणांस ठाऊक नाही. येथे पडताळा घेण्यास कवटीवाचून दुसरे काही नाही. शिवाय साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या हाडावर आजच्या कोणत्या लोकसमूहाची मांसजाडी घालावी, हा प्रश्न उरतोच. अशा चेहऱ्याच्या नाकावरून वा वर्णावरून वंशाचे अनुमान काढू पाहणारा अभ्यासक वस्तुतः पुनर्रचनेत आधीच घातलेले गृहीतकच तिच्यातून बाहेर काढीत असतो. दोन व्यक्ती म्हणजे संस्कृती नव्हे, हे तर उघडच आहे.

५. निष्कर्ष

संगणकावर घडविलेले मस्तक त्याज्य आहे, असा या विवेचनाचा अर्थ नाही. उलट, मातीच्या मस्तकात जे साध्य नव्हते ते येथे साध्य आहे : कवटी, खुंट्या, स्नायू व त्वचा यांचे थर स्वतंत्रपणे जपून ठेवता येतात, नवा पुरावा हाती आल्यास एकच थर बदलता येतो, आणि एकाच कवटीवर दोन-तीन संभाव्य चेहरे शेजारी मांडता येतात. म्हणून अशा मस्तकाचा साधन म्हणून उपयोग करण्यापूर्वी अभ्यासकाने तीन गोष्टींची मागणी करावी : यातील मोजलेले कोणते, सरासरीने घेतलेले कोणते व ती सरासरी कोणाची, आणि कारागिराच्या हाताने भरलेले कोणते. ज्या संग्रहालयात हे थर वेगवेगळे दाखविले जातील, तेथील मस्तक हा पुरावा होय. जेथे केवळ शेवटची त्वचा दाखविली जाईल, तेथे आपण एक उत्तम व्यक्तिशिल्प पाहत आहो, एवढेच समजावे.